माळ्यावरचे टाके

आमची डोंबिवलीची बिल्डिंग अखेर रिडेव्हलपमेंटला गेली. अखेर म्हणजे काय, गेली अकरा वर्षं ती नुसती 'जाणार, जाणार' होती. दर दिवाळीत नवा बिल्डर, दर गणपतीत नवी मीटिंग. या वर्षी मात्र खरंच नोटीस लागली आणि घर रिकामं करायला सगळ्यांना ४५ दिवस मिळाले. आईने मला फोन केला तो एवढंच सांगायला, "तुझं माळ्यावरचं सामान तू येऊन बघ. मी काही टाकणार नाही आणि मी काही नेणारही नाही."

माझं सामान? माळ्यावर? लग्न होऊन १६ वर्षं झाली. माझं जे काही होतं ते मी कधीच घेऊन गेले, असा माझा ठाम समज होता. पण आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. शनिवारी सकाळी गेले, नाकाला मास्क, डोक्याला ओढणी असा जामानिमा करून शिडीवर चढले आणि खाली काय आलं? दोन कापडी पिशव्या आणि एक जुनी व्हीआयपी सुटकेस. त्यात ना प्रेमपत्रं, ना डायऱ्या. नुसतं शिवण-टिपण! भरतकाम, क्रोशा, दोऱ्यांची भेंडोळी, गंजलेल्या सुया. माझी आणि आईची मिळून तीसेक वर्षांची टाकेबाज कारकीर्द.

जुने फोटो बघून इमोशनल व्हायला होतं म्हणतात. मी म्हणेन, एकदा स्वतःचं अर्धवट भरतकाम बघा. फोटोत आपण निदान हसत तरी असतो.

तर सुरुवातीपासून सांगते. माझं लहानपण म्हणजे ऐंशीचं दशक आणि नव्वदीची सुरुवात. त्या काळात आमच्या घरात उघडं असं काही नव्हतंच. टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनखाली क्रोशाचा रुमाल आणि फोनवर दुसरा. हे सगळं आईचं. आणि ते तिने कुठे केलं? लोकलमध्ये! आई बँकेत होती. डोंबिवली ते व्हीटी, लेडीज डबा. बसायला मिळालं की पर्समधून क्रोशाची सुई बाहेर. तिच्या ग्रुपमध्ये कुणी मटार सोलायचं, कुणी मेथी निवडायचं, कुणी स्तोत्रं म्हणायचं. आईचा क्रोशा चालायचा. तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "ठाण्यापर्यंत एक फूल, कुर्ल्यापर्यंत दुसरं." लोकल लेट झाली की पुढच्या आठवड्यात आमच्या घरी एक जादा रुमाल दिसायचा. मल्टिटास्किंग हा शब्द तेव्हा आमच्याकडे यायचा होता.

पहिल्या पिशवीत सापडली माझी सहावीची कार्यानुभवाची वही. आठवतोय ना हा विषय? आमच्या शाळेत मुलांना कागदकाम आणि मुलींना शिवणकाम. (का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.) प्रत्येक पानावर पांढऱ्या कापडाचा चार इंची चौकोन डिंकाने चिकटवायचा, वर स्केचपेनने नाव लिहायचं. धावदोरा, टीप, देठ टाका, साखळी टाका, काज टाका, गहू टाका, काश्मिरी टाका. डिंक आता चहासारखा पिवळा झालाय आणि माझा साखळी टाका तेव्हा होता तितकाच वाकडा आहे. शेवटच्या पानावर मात्र सहा गुलाब आहेत. गुलाबी, बुलियनचे, एकेक पाकळी गुबगुबीत. बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळावं, की हा हात वेगळा आहे.

बुलियन म्हणजे काय, ते ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी: सुई कापडातून अर्धी बाहेर काढायची, तिच्या टोकाला दोऱ्याचे सात-आठ वेढे द्यायचे, ते वेढे अंगठ्याने दाबून धरायचे आणि सुई हळूच ओढून घ्यायची. वेढे एका ओळीत बसले तर पाकळी. नाही बसले तर गुंता. माझा कायम गुंताच.

ते गुलाब कधी झाले, तेही मला नीट आठवतं. जानेवारी १९९३. मुंबईत दंगली चालू होत्या. शाळा मध्येच बंद, मध्येच चालू. आईची बँक मशीद बंदरच्या बाजूला, त्यामुळे तीही चार दिवस घरीच. कामाच्या दिवशी दुपारी आई घरात असणं ही माझ्यासाठी चैन होती. बाहेर काय चाललंय ते मला अर्धवटच कळत होतं. बाबा रेडिओला कान लावून बसलेले, खिडक्या लावलेल्या, आणि मी गुंता करून करून रडकुंडीला आलेली. आई म्हणाली, "दे इकडे." आणि बसल्या बैठकीला सहाच्या सहा गुलाब करून टाकले. त्या दिवसांची माझी आठवण म्हणजे गुलाबी दोरा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

शाळा सुरू झाली. बाईंनी वही चाळली, शेवटच्या पानावर थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि ड्रॉवरमधून सुईदोरा काढून माझ्या हातात दिला. "एक पाकळी करून दाखव." अख्खा वर्ग बघतोय. मी केली. अळीसारखी दिसत होती. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. मार्कही कापले नाहीत. वहीत लाल शाईने शेरा लिहिला, 'उत्तम. आईचे अभिनंदन.'

तो शेरा अजून तसाच आहे. खाली आईची सही. त्या संध्याकाळी सही करून झाल्यावर तिने मला समोर बसवलं आणि एकवीस वेळा तीच पाकळी करायला लावली. म्हणजे भरतकाम मला आलं ते हौसेने नव्हे, चोरी पकडली गेली म्हणून!

पुढची काही वर्षं मी बऱ्यापैकी फॉर्मात होते. बाबांच्या रुमालावर इंग्रजी अक्षरं, मैत्रिणीच्या कुर्त्यावर सिंधी टाका, एका उशीच्या अभ्र्यावर आरशाचं काम (ती उशी कुणी घ्यायचं नाही, गालाला टोचायची). मग बारावी, मग इंजिनीअरिंग, मग नोकरी. आणि मग आला क्रॉस स्टिच.

२००५ मध्ये कंपनीने मला पहिल्यांदा ऑनसाइट पाठवलं, इंग्लंडला, तीन महिने. तिथल्या दुकानात एक किट दिसलं. बर्फातलं कौलारू घर, धुरांड्यातून धूर, दारात कुत्रा. सोबत चार्ट, कापड, सुई, मोजून कापलेले दोरे. सगळं रेडीमेड, बस नुसतं करत सुटायचं. मी लगेच घेतलं. कापड होतं १४ काउंटचं आयडा, म्हणजे एका इंचात १४ चौकोन, प्रत्येक चौकोनात एक फुली. डिझाइन १४० बाय १९६. आता मी पडले सॉफ्टवेअरवाली. विमानात बसल्या बसल्या हिशोब केला. एकूण २७,४४० फुल्या. तासाला २०० धरल्या तर १३७ तास. वीकएण्डला चार तास दिले तर ३४ वीकएण्ड. म्हणजे आठ महिन्यांत घर तयार! मी त्याची चक्क एक्सेल शीट केली होती, टार्गेट आणि ॲक्च्युअलचे कॉलम टाकून.

आता मला सांगा, जिच्या वीकएण्डला रिलीज असते, तिने असले प्लॅन करावेत का? ते घर आता माझ्यासमोर आहे. छप्पर आहे, धूर आहे, दार नाही. कुत्र्याचे कान आहेत, कुत्रा नाही. अप्रेझलच्या सीझनला टाके भराभर पुढे गेलेत, कारण रागात माझा हात चालतो. प्रमोशन मिळालं त्या वर्षी एकही टाका नाही.

तिसरा प्रोजेक्ट लेकीचा फ्रॉक. सहा महिन्यांच्या बाळासाठी सुरू केलेलं स्मॉकिंग, मधाच्या पोळ्यासारखं. तो पूर्ण झाला तेव्हा लेक दोन वर्षांची होती आणि त्यात तिचा एक हात जेमतेम जात होता. बटण लावायला म्हणून आईकडे दिला आणि तिथेच राहिला. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्या जगासारखी मीही हूप मागवली, कॅमेरा बंद ठेवून कॉलवर फ्रेंच नॉट मारत बसायचे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माझा तेव्हाचा मॅनेजर हे वाचत असेल.

असं हसत हसत सगळं चाललं होतं. मग सुटकेस उघडली.

वर जुन्या पांढऱ्या धोतराचं फडकं, डांबरगोळ्यांचा वास आणि आत घडी घातलेली काळी साडी. मी ती बघितली आणि शिडीच्या पायरीवरच बसले.

आईचं माहेर बेळगावचं. शहापूरला घर. तिची आई, म्हणजे माझी आजी, कशिदा भरायची. कर्नाटकी कशिदा, ज्याला तिकडे कसुती म्हणतात. धारवाड-हुबळी हे त्याचं खरं घर, पण बेळगावच्या बायकांच्या हातातही तो तितकाच मुरलेला. इरकलीच्या पदरावर नाहीतर काळ्या चंद्रकळेवर तांबडा, हिरवा, केशरी, पांढरा असे ठसठशीत रंग. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन. यात गंमत अशी की कापडावर आधी काहीच छापत नाहीत. ट्रेसिंग नाही, कार्बन नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या हिशोबाने टाका घालायचा. आता पुष्कळ जणी कापडावर जाळी टाचून तिच्यावर भरतात आणि नंतर जाळीचे धागे ओढून काढतात. आजी थेट कापडाचे धागे मोजायची, कंदिलाच्या उजेडात, काळ्यावर! माझ्या चार्टवाल्या किटबद्दल तिने काय म्हटलं असतं, याचा विचार न केलेलाच बरा.

कशिद्यात टाके मुख्य चार. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंती. मेंती म्हणजे मेथी, तीच आपली फुली. पण माझा जीव गवंतीवर. बघायला साधा धावदोराच. एक टाका वर, एक खाली, असं करत नक्षीच्या टोकापर्यंत जायचं. तेव्हा दिसतं काय, तर तुटक तुटक रेघ, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसारखी. मग त्याच दोऱ्याने, त्याच वाटेने उलटं यायचं आणि जाताना सुटलेल्या जागा भरत यायच्या. परत मूळ जागी पोचलात की रेघ अखंड. आणि गाठ कुठेच मारायची नाही. त्यामुळे कापड उलटं करा, सुलटं करा, दोन्हीकडून नक्षी सारखी.

२००८ मध्ये माझं लग्न ठरलं. आईने मामाकडून शहापूरहून काळी साडी मागवली आणि कशिदा भरायला घेतला. माझ्या पहिल्या संक्रांतीसाठी. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने, हे आपल्याकडे असतंच. मला विचारलं नव्हतं. मला विचारून घेण्यासारखं यात काही आहे असं तिला वाटलंच नसावं.

आता मार्च २००९चं चित्र बघा. त्याच्या आदल्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली होती. आमचं प्रोजेक्ट बँकिंगचं. क्लायंटने काम थांबवलं आणि जानेवारीत मी बेंचवर. रोज सकाळी कार्ड स्वाइप करायचं आणि संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये अफवा ऐकत बसायचं. आज कुणाला एचआरने बोलावलं, उद्या कुणाला. मे महिन्यात लग्न, होम लोनची बोलणी चाललेली आणि नोकरी राहील की नाही पत्ता नाही. त्यातच एका रात्री दहाच्या सुमाराला घरी आले. आई ट्यूबलाइटखाली साडी पसरून बसलेली. म्हणाली, "आलीस? जरा उभी राहा बघू इथे. पदर कुठपर्यंत येतोय ते बघते."

मी म्हटलं, "आई, मला काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून नमुना व्हायचं नाहीये. हे सगळं मला नकोय." इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हटलं, "तुझं बरंय. तू रिकामीच असतेस, टोचत बसतेस. मला नोकरी आहे."

हे मी कुणाला म्हटलं? १९७३ ते २००१, अठ्ठावीस वर्षं जिने लोकलला लटकून नोकरी केली तिला. माझी दहावी होती म्हणून जिने ऑफिसरचं प्रमोशन नाकारलं, कारण प्रमोशनबरोबर बदली आली असती. २००१ मध्ये बँकांची व्हीआरएस आली तेव्हा तीन वर्षं आधीपासून अंथरुणावर असलेल्या तिच्या सासूबाईंचं करायला घरात कुणीतरी हवं होतं, म्हणून जिने सही केली. बाबा म्हणाले होते, "मी घेतो." बाबांच्या ऑफिसात तसली स्कीम नव्हती. म्हणजे बोलायला सोपं होतं.

आई काही बोलली नाही. साडीची घडी घातली. "बरं. हातपाय धू, जेवून घे," एवढंच म्हणाली.

नोकरी राहिली. लग्न रजिस्टर केलं, रुखवत वगैरे काही नाही. ऑक्टोबरमध्ये मला पुन्हा ऑनसाइट मिळालं. माझी पहिली संक्रांत, जानेवारी २०१०, मी इंग्लंडमध्ये रीडिंग गावात, बाहेर बर्फ, अंगावर दोन स्वेटर. नवरा पुण्यात. आईने कुरिअरने तिळगूळ पाठवला होता. साडीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. त्या वाक्याबद्दल मी तिला कधी सॉरी म्हटलं नाही. आपल्याकडे आईला सॉरी म्हणायची पद्धत कुठे असते? आपण गुपचूप भांडी घासतो, किंवा तिच्यासाठी मोबाइल घेऊन येतो. मी दोन्ही केलं.

तर ती साडी. पदराच्या काठाने गोपुरं भरलीयत, तांबडी आणि हिरवी. चार पूर्ण. पाचवं अर्धं. आणि अर्धं म्हणजे कसं? जातानाची वाट झालीय, येतानाची नाही. हिरव्या तुटक रेघांचं एक गोपुर, आणि शेवटच्या टाक्यात सुई तशीच टोचलेली, गंजून कापडाला धरलेली. गवंती भरणारी बाई अशा जागी कधी थांबत नाही. कुकरची शिट्टी होवो, दारावरची बेल वाजो, ती आधी परत येते, मग उठते. नाहीतर मोजलेले धागे डोक्यातून जातात. ही बाई अशी मध्येच उठली होती, आणि पुन्हा बसली नव्हती.

जेवताना मी विचारलंच. म्हटलं, "आई, ती काळी साडी तू माझ्यामुळे सोडलीस ना?"

आई चमचे मोजत होती. बारा होते, अकरा सापडत होते. "कुठली? हां, ती होय! छे गं. हिरवा दोरा संपला होता. दोनदा दादरला गेले, त्या नंबरचा मिळालाच नाही. दुसरा लावला असता तर लगेच कळलं असतं की. मग राहिलं ते राहिलं. तुझं काय मध्येच?"

"मी तुला एकदा बोलले होते..."

"काय बोललीस?"

मी सांगितलं. शब्द न शब्द. सोळा वर्षांत इतकं पाठ झालं होतं.

"असेल बाई," आई म्हणाली. "मला सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. बारावा चमचा बघ ना कुठे गेला."

काय सांगू तुम्हाला, किती हलकं वाटलं! सोळा वर्षं मी ज्याचा बाऊ केला ते सगळं हिरव्या दोऱ्यावर निघालं. मी चमचा शोधला, खाली जाऊन आइस्क्रीम आणलं, दुपारभर खोकी भरली. गाणीबिणी म्हणत.

संध्याकाळी दुसरी पिशवी रिकामी करताना तळाशी श्रीखंडाचा एक डबा मिळाला. त्यात दोरे. अँकरच्या लड्या, प्रत्येकीत सहा पदरांचा आठ मीटर दोरा. तांबड्याच्या दोन आणि हिरव्याच्या तीन. तिन्ही न फोडलेल्या, कागदी पट्ट्या जशाच्या तशा. सोबत आईची चिठ्ठी, बँकेतल्या त्या सुबक अक्षरात. रंगाचा नंबर, नग तीन, दादर, १४-२-०९. मी साडीवरचा हिरवा आणि लडीतला हिरवा खिडकीशी नेऊन शेजारी धरले. तोच.

आता कुणी म्हणेल, हा डबा तिला तेव्हा सापडला नसेल. अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी रोकड जुळवून घरी आलेल्या बाईला? अकरा चमचे चालत नाहीत जिला?

डब्याचं झाकण लावलं. आईला काही विचारलं नाही.

आता आई भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, दोन गल्ल्या पलीकडे. रविवारी मी जाते. लॅपटॉप नेत नाही. साडी आणि श्रीखंडाचा डबा माझ्या बॅगेत असतो. गंजलेली सुई तेलाचा थेंब टाकून, दहा मिनिटं खटपट करून आईनेच काढली. तिच्या डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीयत, लांबचं छान दिसतं, पण काळ्यावरचे धागे मोजणं आता जमत नाही. उजवा अंगठाही दुखतो. त्यामुळे टाका मी घालते आणि ती पदर उलटा करून मागून तपासते. एका ठिकाणी मी चारऐवजी पाच धागे घेतले होते. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "उसव."

"आई, कुणाला कळणारे?"

"उसव म्हटलं ना. कुठपर्यंत ते सांगते."

पाचव्या गोपुराची परतीची वाट भरायला मला तीन रविवार लागले. शेजारच्या चौथ्या गोपुराशी ते जुळत नाही, माझा हात घट्ट आहे, रेघ जरा आकसते. आई म्हणते, धुतल्यावर सारखं होईल. होणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. लेक येऊन बघून गेली. "ब्लॅक? सॉलिड! स्कूलच्या सारी डेला मीच नेसणार," असं जाहीर करून मोबाइलमध्ये परत गेली. मी म्हटलं, आधी मी. राहिलेली माझी संक्रांत आहे ती.

सहावं गोपुर गेल्या रविवारी सुरू केलं. हिरव्याची दुसरी लडी फोडली, पट्टी काढून डब्यात ठेवली. आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, "हिरवा पुरेल ना गं?"

"पुरेल की," मी म्हटलं.